टेकू

“मग हे ‘शोअर अप’ बरोबर बसलंय की नाही, अप्पा?”

महालिंगने अर्ज पुढे धरला. डोंगरपायथ्याच्या मठात दालनाची भिंत आत झुकली होती, आणि त्याच दालनात रोज दुपारी पंगत बसे. दुरुस्तीच्या मदतीसाठी इंग्रजीत अर्ज लिहायचं काम त्याने हौसेनं अंगावर घेतलं होतं. शहरात शिकून आलेला शिष्य. त्या दोन शब्दांवर भारी खूश होता.

त्याचे गुरू अप्पा त्याच झुकल्या भिंतीला पाठ लावून बसले होते. ते कायम तसेच. अडतीच्या दुकानात पोत्यांच्या थप्पीला टेकून पेंगणाऱ्याकडे कोण बघतं? तसंच त्यांचं झालेलं. म्हातारा जीव, टेकतो बिचारा, एवढंच लोक म्हणत.

“अर्थ सांग.”

“पडू पाहणाऱ्याला टेकू देणं. भिंतीला चालतो, खचलेल्या धीराला चालतो, सरकारलासुद्धा! आपल्या शाळेच्या मास्तरांना जन्मात सुचला नसता.”

“माल झकास आहे. पण टेकू देणार कोण?”

“ते कुठं लिहायचं असतं, अप्पा? टेकू द्यावा, एवढं पुरे.”

“असं…”

समोर पत्रावळी मांडून झाल्या. पोरंबाळं, म्हातारे, वाटसरू दाटीवाटीनं बसले. भात आला.

“तहान लागली रे. जरा माझ्या जागी बस.”

“मी आणतो की पाणी.”

“बस म्हटलं ना.”

अप्पा किंचित पुढे झाले. मातीची बारीक धार त्यांच्या खांद्यावर सांडली. भिंत… कण्हली.

महालिंग हसत हसत त्यांच्या जागी सरकला. पाठ टेकली, आणि हसू तोंडावरच राहिलं.

भिंत गार नव्हती. उबदार होती. आणि ती रेलत होती; झोपेला आलेलं मूल रेलतं तशी, हळूहळू, सगळं अंग टाकून.

अप्पा उभे राहिले. त्यांच्या उघड्या पाठीवर दगडांच्या सांध्यांचे वळ होते. खोल, जुने.

महालिंग दचकून वीतभर उठला.

“अगं आई, माझ्या भातात माती!” पंगतीतली एक पोर ओरडली.

तो धपकन खाली बसला. माती थांबली. पोर जेवू लागली.

अर्ज केव्हाच हातातून गळाला होता.

“अप्पा… लगेच येताय ना?”

अप्पा ताठ चालत दारापर्यंत गेले. वळले.

“माझे गुरूही पाणी प्यायलाच उठले होते, बाळा.”