घाईचा इंडिकेटर

"...की मंत्रच बदलून घ्यायला हवा, आक्का?"

आक्का ओसरीवर बसून फुलवाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मोरेश्वर खळदकर पायरीवर बसला होता. बसला होता म्हणायचं एवढंच. त्याचा एक पाय सारखा हलत होता. तो शहरातल्या तंत्रनिकेतनात विजेचा विषय शिकवी, आणि सुट्टी मिळाली की मोटरसायकल काढून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या मठात येई. मठाच्या या ताराक्कांनीच त्याला नाम दिलं होतं. गळ्यातली तुळशीची माळही त्यांनीच घातलेली.

आज ती माळ त्याच्या मुठीत होती.

"होतंय काय?" आक्कांनी विचारलं.

"काहीच होत नाही. तेच तर सांगतोय. पूर्वी जपाला बसलो की अंगावर सरसरून काटा यायचा. घळाघळा रडायचो. अंग असं तापायचं, की बायको कपाळाला हात लावून बघायची. आता बसतो आणि उठतो. कोरडा ठणठणीत."

"मग करतोस काय?"

"जप वाढवला. दुप्पट केला. पहाटे करतो, कॉलेजचा जिना चढताना करतो, जेवताना करतो. परवा ही म्हणाली, ओठ काय हलवताय, भातात खडा लागला का?"

अंगणात सोजरबाई तांदूळ निवडत होत्या. मठात आक्कांच्या खालोखाल जुन्या त्याच. त्या खुदकन हसल्या.

"आमच्या तांदळात न्हाई हां खडा. दोन वेळा निवडते मी."

मोरेश्वर हसला नाही.

"नदीपलीकडच्या महाराजांकडे लोक म्हणे गडाबडा लोळतात, आक्का. नुसता डोक्यावर हात ठेवला की झालं. माझ्या सहकाऱ्याला तर ताप भरला होता दोन दिवस. मी आज संध्याकाळी तिथंच जायचं ठरवलंय... थेट इथूनच."

बोलता बोलता त्याने मूठ उघडली आणि माळ ओसरीवर ठेवली.

सोजरबाईंचे हात सुपात थांबले. या मठात माळ परत ठेवली की नातं संपलं, असा रिवाज होता. ठेवणाऱ्याला कोणी अडवत नसे, आणि तो पुन्हा आला तर चहा मिळे, नाम मिळत नसे.

आक्कांनी माळेकडे पाहिलं. उचलली नाही. सरकवलीही नाही.

"जा," त्या म्हणाल्या. "पण येताना तुझी गाडी कसली टिकटिक करत होती रे?"

"मला वाटलं, पाल चुकचुकतीय," सोजरबाई म्हणाल्या.

मोरेश्वरला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. परंतु विषय त्याचा होता. पाय हलायचा थांबला.

"इंडिकेटर. गाडीचे सगळे दिवे बदलले मी. पुढचा, मागचा, वळायचे चारही. जुने काढून एलईडी घातले. घरीच, गॅलरीत बसून. मेकॅनिकचं तोंड बघितलं नाही."

"मग बिघडलं कुठं?"

"बिघडलं काही नाही. एलईडी वीज फार कमी खातो. तापत नाही. आणि आत एक डबी असते, फ्लॅशर म्हणतात. दिव्याची उघडझाप ती करते. तिला वर्षानुवर्षं जुन्या बल्बची सवय. तेवढी वीज गेली नाही की तिला वाटतं, बल्ब गेला."

"आणि मग?"

"मग ती घाई करते. भराभरा उघडझाप. बघा."

त्याने अंगणात जाऊन चावी फिरवली, उजवीकडचं बटण दाबलं. टिकटिकटिकटिक... पिवळा दिवा वेड्यासारखा लुकलुकायला लागला. ओट्याखालचं मांजर उठून निघून गेलं.

"दिवा तर लागतोय की," आक्का म्हणाल्या.

"लागतोय ना! पहिल्यापेक्षा लख्ख."

"मग सांग तिला."

"कुणाला?"

"डबीला. दिवा लागलाय म्हणून."

सोजरबाईंनी तोंडाला पदर लावला. मोरेश्वरने मोठ्या धीराने उत्तर दिलं, वर्गातल्या शेवटच्या बाकाला देतात तसं.

"तिला प्रकाश कळत नाही, आक्का. तिला फक्त भार कळतो."

आक्कांनी वळलेली वात बाजूला ठेवली.

"डबीच बदलायला हवी खरं तर. पण ती दुकानात नव्हती, मागवावी लागते. थांबायला वेळ कुणाला आहे? हा मिळाला, हा घेतला."

त्याने खिशातून बोटाएवढी एक वस्तू काढली. सोनेरी, खाचा पाडलेली, दोन टोकांना दोन वायरी.

"दागिना हाय जणू," सोजरबाई म्हणाल्या.

"रेझिस्टर आहे."

आक्कांनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट केला.

"काय करतो हा?"

"वीज खातो."

"अजून?"

"तापतो."

"उजेड देतो?"

"छे. नुसता तापतो."

"मग कशाला लावायचा?"

"डबीला बरं वाटावं म्हणून."

आक्कांनी रेझिस्टर त्याच्या हातात परत दिला.

"लाव."

त्याने सीटखालचं झाकण काढलं. वायरी सोलल्या, पीळ दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली, रेझिस्टर सांगाड्याच्या पत्र्याला आवळून बसवला. हात सफाईदार चालत होते. मन मात्र नदीपलीकडे होतं. महाराजांची सभा सुरू व्हायच्या आत पूल ओलांडायला हवा होता. त्याने बटण दाबलं.

टिक... टिक... टिक...

"बघा!" तो म्हणाला. "शांत झाली."

"दिव्यात काही फरक?"

"दिवा तेवढाच."

"चालू राहू दे."

आक्कांनी पुन्हा कापूस हातात घेतला. एक वात झाली. दुसरी झाली. ऊन अंगणातून सरकून ओट्यावर गेलं. मोरेश्वर गाडीपाशी ताटकळत उभा. एकदा त्याने घड्याळ पाहिलं, एकदा माळेकडे पाहिलं, आणि पटकन नजर काढून घेतली.

"निघू मी, आक्का?"

"तो काम करतोय?"

"कोण?"

"तुझा तो दागिना."

"करतोय की. दिवा बघा ना, सावकाश..."

"दिवा आधीपण लागत होता. तो करतोय कशावरून?"

"तापला असेल ना."

"असेल?"

आता हा त्याच्या विद्येचा प्रश्न होता. तो तावातावाने वाकला. तापलेल्या रेझिस्टरला हात लावू नये, हे तो दर वर्षी नव्या मुलांना बजावून सांगत असे. पण बोट गेलंच.

"स्स्स... आई गं!"

त्याने बोट तोंडात घातलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि गालावर ओघळलं.

सोजरबाई धावत पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माळ ओसरीवर होती तिथेच होती. मागे दिवा आपल्या गतीने लागत होता, विझत होता...

आक्का वात वळायची थांबल्या आणि त्याच्या ओल्या गालाकडे बघत म्हणाल्या,

"आता बरं वाटलं?"