रेवाचं धिरडं

जनावरंही चुली पेटवायची, तेव्हाची ही गोष्ट. रेवा नावाच्या मुंगसाच्या पिल्लाची आई तापानं फणफणली होती. तिला धिरडं खावंसं वाटलं. रेवानं पहिल्यांदाच पीठ कालवलं, तव्यावर पसरलं आणि करपेल या भीतीनं लगेच उलथणं घातलं. धिरड्याच्या चिंध्या झाल्या. आता एकाच धिरड्यापुरतं पीठ उरलं होतं. ते तिनं तव्यावर पसरलं.

"तवेकाका, हेही मोडलं तर?"

"कच्च्याला डिवचलंस तर मोडेलच. कडा सुटू दे," तवा म्हणाला.

रेवानं पंजे पाठीमागे धरले. खमंग वास सुटला, आता करपेल असं वाटलं, तरी ती हलली नाही. मग कडा आपसूक सुटली आणि धिरडं अख्खं उलटलं.

घास घेत आईनं विचारलं, "घाबरली नाहीस?"

"घाबरले ना! पण हात मागं धरून घाबरले."