येसू कासारणीचा कर

हुकमाप्रमाणे येसू कासारणीने वर्षाचा हिशेब भर दरबारात दिला. बांगड्या विकून तीनशे रुपये आले होते. त्यातले अडीचशे मालालाच गेले होते. दप्तरदार त्रिंबकपंतांनी पाचव्या हिश्श्याने कर सांगितला, साठ रुपये!

येसू पुढे सरसावली. "अहो पंत, मला उरलेच पन्नास!"

"हातात तीनशे आले ना? मग तीनशेवर कर. पुढे ते कुठे गेले, ते मी बघत नाही."

येसू महाराजांकडे वळली. "महाराज, पंतांच्या हातात वर्षाला तीन लाखांचा वसूल येतो. त्यांचा कर साठ हजार झाला."

पंत पांढरेफटक पडले. "अगं, ते पैसे माझे नव्हेत! ते खजिन्यात जातात!"

"पुढे कुठे जातात, ते बघायचं नाही ना, पंत?"

महाराज खो खो हसले. पंतांनी साठ खोडून दहा लिहिले.