विस्तवाचा ओंडका आणि शंभर कुऱ्हाडी

एका राज्यात मेघवर्ण नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य उंच डोंगरावरचे, थंडी हाडांत शिरणारी. पण घरोघरी चूल पेटती होती, म्हणून माणसे सुखी होती. त्या राज्याच्या वेशीबाहेर काळ्या दगडांच्या गढीत धूम्रकेश नावाचा मांत्रिक राहत असे. एके दिवशी तो दरबारात आला आणि म्हणाला, "राजा, अर्धे सिंहासन दे."

राजा म्हणाला, "देत नाही."

धूम्रकेशाने तीन टाळ्या वाजवल्या. पहिल्या टाळीला राज्यातल्या साऱ्या चुलींतला विस्तव जागा झाला. दुसऱ्या टाळीला तो तांबड्या कोंबड्यांसारखा तुरुतुरु दाराबाहेर पडला. तिसऱ्या टाळीला तो गढीच्या अंगणातल्या एका ओंडक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. त्यानंतर लोकांनी गारगोट्या घासघासून झिजवल्या, पण ठिणगी पडली नाही.

मग मांत्रिकाने दवंडी पिटवली : "ज्याला विस्तव हवा, त्याने माझ्या दारी यावे, 'माझे घर तुझे' असे म्हणावे आणि एक निखारा न्यावा." निखारा एकच दिवस टिके. आणि ज्याने ते शब्द उच्चारले, त्याच्या दाराची कडी आतून लागेनाशी होई. मांत्रिकाचे चाकर वाटेल त्या घरात शिरत, वाटेल ते उचलून नेत. अकरा दिवसांत गावेच्या गावे बिनकडीची झाली.

राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गोजरा नावाची बाई सरपण फोडत असे. चाळिशी उलटलेली, खांद्यांनी रुंद, बोलायला कमी. तिने निखारा आणला नाही. ती भिजवलेले हरभरे खाई आणि दोन गोधड्या पांघरून निजे. शेजारणी म्हणत, "गोजरे, तीन शब्दांनी काय जातं?"

"घर जातं," ती म्हणे आणि कडी लावून घेई.

बाराव्या दिवशी सकाळी राणी बाळंत झाली. मुलगी झाली. पण वाड्यात ऊन पाण्याचा थेंब नव्हता, आणि लेकीची बोटे निळी पडू लागली. राजाने रिकामी शेगडी उचलली आणि पायीच निघाला. दिंडी दरवाजात गोजरा आडवी उभी राहिली.

"महाराज, कुठे निघालात?"

"वाट सोड, गोजरे. लेक गारठते आहे."

"आपण ते शब्द म्हणालात की वाड्याची कडी गेली. वाड्याची गेली की राज्याची गेली."

"मग लेक मरू देऊ?"

गोजराने शेगडीवर हात ठेवला. मग ती म्हणाली, "तिला राणीसाहेबांच्या उराशी द्या. वरून घोंगड्या घाला. सूर्य मावळेपर्यंत थांबा. मी तो ओंडका फोडून येते."

"तो फोडायला अकरा योद्धे गेले. एकही परतला नाही."

"ते योद्धे होते, महाराज. त्यांनी माणसं कापली. लाकूड मी फोडते."

राजाने तिच्याकडे पाहिले आणि शेगडी खाली ठेवली.

गोजरा गढीत पोहोचली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. अंगणात अकरा लाकडी खांब उभे होते, आणि प्रत्येक खांबाला चेहरा होता. समोर जाड गालिच्याच्या बैठकीवर धूम्रकेश बसला होता. तो कोणासाठी उठत नसे. राजासाठीही उठला नसता. त्याच्या मागे भिंतीवर कुऱ्हाडी टांगल्या होत्या, आणि खुंटीवर एक म्हातारा पोपट बसला होता. त्या पोपटाला खोटे बोलता येत नसे. ही गोष्ट साऱ्या राज्याला ठाऊक होती. पण त्याला प्रश्न कोणी विचारीत नसे, सारे नुसते ऐकून घेत.

"कशाला आलीस?" मांत्रिकाने विचारले.

"ओंडका फोडायला."

"तीन ओंडके. प्रत्येकाला एक घाव. माझ्या भांडारात शंभर कुऱ्हाडी आहेत. हवी ती निवड. एकदा वापरलेली पुन्हा घ्यायची नाही. चुकलीस तर बारावा खांब होशील."

"होईन. आण."

चाकरांनी पहिला ओंडका आणला. ऐनाचा, सुका, सरळ. पोपट बोलू लागला. "ती पाहा चंद्रधार. पाते पिंपळपानाइतके पातळ. वाऱ्यावरचा केस उभा चिरते. पाच योद्ध्यांनी हीच निवडली."

गोजराने चंद्रधार हातात घेतली. खरेच सुंदर होती. "केस चिरते. लाकूड फोडते का?"

पोपटाने पंख खाजवले. "लाकडात शिरते."

"आणि शिरून?"

"अडकते."

गोजराने चंद्रधार जागेवर टांगली. तिने भिंतीवरून हात फिरवीत एक काळी कुऱ्हाड काढली. धार बोथट, पण पाते मागे पाचरीसारखे जाड होत गेलेले. आडवे तोडायला पातळ पाते लागते. उभे फोडायला लाकडाला बाजूला रेटणारे जाड पाते लागते, हे तिच्या हातांना वीस वर्षे ठाऊक होते. घाव पडला. ओंडका दोन्हीकडे उडाला. धूम्रकेश हसला नाही.

दुसरा ओंडका चिंचेचा होता. ओला, आणि पिळलेला. पोपट म्हणाला, "ती पाहा गजभंजना. राक्षसाची कुऱ्हाड. पाते जाड, तुला हवे तसे. हिने हत्तीचे हाड फुटते. चार योद्ध्यांनी हीच निवडली."

गोजराने ती दोन्ही हातांनी उचलली. छातीपर्यंत आली, पुढे येईना. "राक्षसाचा दंड केवढा होता?"

"ताडाएवढा."

"माझा नाही," ती म्हणाली आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

पोपटाने लगेच दुसरी दाखवली. "मग ही वल्लरी घे. वजन तुझ्या हाताजोगे. दांड्यावर नागवेल रंगवली आहे. उरलेल्या दोघांनी हिला निवडले."

वल्लरी खरोखर हाताजोगी होती. गोजराने ती डोक्यावर नेली, खाली आणली; हात थरथरला नाही. मनात आले, घ्यावी. सूर्य कलत होता. तिने दांडा डोळ्यासमोर धरला, पण रंगामुळे लाकडाच्या रेषा दिसेनात.

"पोपटा, रंगाखाली काय आहे?"

पोपटाने मान पिसांत खुपसली. "गाठ," तो म्हणाला. "पहिल्याच घावाला दांडा मोडतो."

गोजराने कपाळावरचा घाम पुसला. मग तिने धामणीच्या लाकडाच्या साध्या दांड्याची एक कुऱ्हाड घेतली. दांड्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होत्या. चिंचेच्या मध्यावर तिने घाव घातलाच नाही. कडेला एक चीर होती, तिथे घातला. चिंच करकरली आणि उलगडली.

तिसरा ओंडका चाकरांनी चिमट्यांनी धरून आणला. घागरीएवढाच होता, पण काळा, गाठीवर गाठ, आणि जवळ जाताच गाल भाजत होते. आत राज्याचा सारा विस्तव धुमसत होता.

गोजराने भिंतीवरच्या कुऱ्हाडी एकेक करून पाहिल्या. कुठे दांड्याला कीड, कुठे पात्याला तडा, कुठे पाते पातळ. तिने मोजल्या, वापरलेल्या दोन धरून नव्याण्णव भरल्या. ती पोपटाकडे वळली.

"या भांडारात हा ओंडका फोडणारी कुऱ्हाड आहे का?"

"आहे."

"भिंतीवर?"

"नाही."

"मग कुठे?"

धूम्रकेश गरजला, "पक्ष्या!" पण पोपटाला खोटे बोलता येत नव्हते, आणि विचारल्यावर गप्पही राहता येत नव्हते. तो म्हणाला, "मालकाच्या बैठकीखाली."

गोजरा मांत्रिकासमोर जाऊन उभी राहिली.

"धूम्रकेशा, ऊठ."

"मी राजासाठीही उठणार नाही."

"राजासाठी नको उठू. सरपण फोडायचं आहे, त्यासाठी ऊठ. हवी ती निवड म्हणालास. मी निवडली. आता शब्द मोड, नाहीतर ऊठ."

मांत्रिकाची विद्या त्याच्या शब्दाला बांधलेली होती. शब्द मोडला असता तर विद्या गेली असती. तो दात खात उठला. गोजराने गालिचा ओढून टाकला. खाली एक गंजलेली, कुरूप कुऱ्हाड होती. पाते जाड, दांडा सरळ, वजन बेताचे. पाते जरा ढिले होते, म्हणून तिने दांड्याचे बूड दगडावर तीनदा आपटून ते घट्ट बसवले. मग ओंडक्याभोवती एक फेरी मारली, गाठी टाळून एक बारीक चीर शोधली आणि घाव घातला.

कुऱ्हाड अर्धी आत गेली आणि अडकली. ओंडका फुटला नाही.

धूम्रकेश खदखदून हसला. "घाव झाला! खांब हो!"

गोजराचे पाय जड होऊ लागले. घोट्यापर्यंत लाकूड चढले. पण तिने दांडा सोडला नाही. "घाव झालेला नाही! कुऱ्हाड लाकडातून सुटते तेव्हा घाव संपतो. ही सुटलेली नाही. विचार तुझ्या पोपटाला!"

"घाव संपलेला नाही," पोपट म्हणाला.

लाकूड घोट्यावरच थांबले. गोजराने पदर तोंडाभोवती गुंडाळला, कुऱ्हाडीसकट ओंडका डोक्यावर उचलला, हवेतच उलटा केला आणि कुऱ्हाडीचे बोथट माथे दगडावर आपटले. वरून ओंडक्याचे सारे वजन त्याच्याच चिरेवर आले. मोठा आवाज झाला. ओंडका उभा दुभंगला.

तांबड्या कोंबड्यांचा थवा भर्रकन बाहेर पडला आणि आपापल्या घरांकडे धावला. गोजराचे पाय मोकळे झाले. अकरा खांबांचे अकरा योद्धे झाले आणि ओशाळून एकमेकांकडे पाहू लागले. धूम्रकेशाच्या केसांतून धूर निघाला, मग बाह्यांतून निघाला, मग नुसता धूरच उरला. तो वाऱ्याने डोंगरापलीकडे नेला.

गोजरा वाड्यावर पोहोचली तेव्हा सूर्य टेकला होता. मुदपाकखान्यात पाणी उकळत होते. आतून तान्ह्या लेकीचा टाहो ऐकू येत होता, चांगला खणखणीत. राजा दारात उभा होता.

"गोजरे, मी ते शब्द म्हणायला निघालो होतो. लोक विचारतील, तेव्हा काय सांगू?"

"खरं सांगा, महाराज."

राजाने दुसऱ्या दिवशी भर दरबारात ते स्वतःच्या तोंडाने सांगितले.

जन्मापासून बाराव्या दिवशी राजकन्येचे बारसे झाले. राणीने पाळण्याशी वाकून लेकीच्या कानात नाव सांगितले, आणि मग साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हटले : "गोजरा." मानकऱ्यांत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "राणीसाहेब, सरपण फोडणारीचे नाव? राजकन्येला?"

राणीने मान वर केली. "ज्याला हे नाव जड वाटत असेल, त्याने दरबारातून उठून जावे."

कोणी उठले नाही. पाळणा हलला, घुगऱ्या वाटल्या, आणि ज्याचे घर त्याचे राहिले. कहाणी विझली, चुली पेटत्या राहिल्या.