तळ्याखालची सोनकी

मला गोष्टी सांगता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. हे काम तुमच्या आजीचं. पण तिचा घसा बसलाय, आणि घसा बसला की तिला नेमका मी आठवतो. दिवसभर धुडगूस घातलात, माझा चष्मा पायाखाली घेतलात, आणि आता म्हणे आजोबा गोष्ट सांगा. बरं, सांगतो. पण ससा आणि हरिण माझ्याकडे नाही. मला एकच गोष्ट येते, ती काही गोड नाही. मध्ये बोलायचं नाही. तायडे, पाय काढ माझ्या मांडीवरून. मन्या, नाक पूस.

तर एक होता राजा. त्याचं आपल्याला काही काम नाही. त्याच्या राज्यात एक तळं होतं, त्याचं काम आहे.

तळं लांबलचक. या काठाला उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसायचा नाही. आणि मुलूख थंडीचा. आपल्याकडे दोन गोधड्यांत भागतं ती थंडी नव्हे. तिथं डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आत गोठायचं. मग काय व्हायचं, तळं वरून गोठायचं. पण सगळीकडे सारखं नाही, बरं का. कुठे फरशीसारखं, कुठे पापडासारखं. पापडावर पाय पडला की माणूस खाली.

खाली गेलेलं माणूस मरायचं नाही. हीच तर पीडा होती. मेलं असतं तर लोकांनी रडून घेतलं असतं, तेरावं घातलं असतं आणि कामाला लागले असते. पण तळ्याच्या बुडाशी तळ्याचा धनी राहायचा. तो कोणाला कधी दिसला नाही. तो माणसं ठेवून घ्यायचा. आणि परत द्यायचा ते एकच, तेही शर्यत घेऊन.

शर्यत अशी. तळ्याचा बर्फ सगळीकडे पक्का धरला की बर्फाचा पाटील हातात काठी घेऊन तळ्याभोवती फिरायचा. काठी बर्फावर आपटायची आणि कान लावायचा. बद्द आवाज आला तर नन्नाचा पाढा. खणखणीत आला तर शर्यत. मग ज्यांचं कोणी खाली आहे त्यांनी लाकडाच्या खडावा पायात घालायच्या. त्या खडावांच्या बुडाला लोखंडाचं पातं. त्या पात्यांवर बर्फावरून घसरत, धावत, आख्ख्या तळ्याला फेरी घालायची. सूर्य उगवला की निघायचं, मावळायच्या आत परत. वाटेत तीन गावं. प्रत्येक गावाच्या घाटावर एक म्हातारी चुलीतली राख घेऊन बसलेली. तिच्याकडून कपाळाला राखेचं बोट लावून घ्यायचं. तीन बोटं झाली म्हणजे फेरी खरी. जो पहिला येईल त्यानं जिथून निघाला त्या घाटावर पालथं पडायचं, बर्फाला तोंड लावायचं आणि आपल्या माणसाला हाक मारायची. ते माणूस वर यायचं. कोरडं ठणठणीत. बाकीच्यांनी घरी जायचं.

शर्यत सुटायची त्या घाटाच्या गावात सगुणा नावाची बाई होती. नवरा तापानं गेलेला, एक शेळी आणि एक मुलगी. मुलीचं नाव सोनकी. पाच वर्षांची. एकदा काय झालं, थंडीची नुकती सुरुवात, सगुणा जव कांडत होती. शेळी सुटली आणि तळ्यावर गेली. सोनकी तिच्या मागे गेली. शेळी घरी आली. पोर नाही आली.

सगुणानं तीन दिवस चूल पेटवली नाही. मग उठली आणि गोंदा लोहाराकडे गेली. म्हणाली, मला पाती करून दे.

गोंदाची बायकोही खालीच होती. दोन वर्षं झाली होती. त्यानं सगुणाला चांगली पाती करून दिली, आपल्यासारखीच, आणि एक गोष्ट सुचवली. बर्फावर थंडीपेक्षा वारा वाईट. जो पुढे असतो तो वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशाला निवांत चालतो. म्हणून तिथली रीत होती पाळीची. थोडा वेळ तू पुढे, थोडा वेळ मी. गोंदा म्हणाला, आपण दोघं पाळी धरू. बाकीचे मागे पडले की या वर्षी तू हाक मार, पुढच्या वर्षी मी. पोर लहान आहे, तिला घाई. सगुणाला रडू फुटलं. असा माणूस कुठे मिळतो, तिला वाटलं.

मग बर्फ धरला. पाटलाची काठी खणखणली. निघाले सगळे. एकमेकांच्या डोळ्यांत कोणी बघत नव्हतं. का बघतील? जो जिंकेल तो दुसऱ्याचं माणूस खाली ठेवून जिंकेल. पहिलं गाव झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. पाळी नीट चालली होती. बाकीचे मागे राहिले. आता शेवटची लांब वाट, आणि वारा समोरून. गोंदा म्हणाला, माझ्या कुशीत चमक भरलीय, एवढी माझी पाळी तू घे. सगुणानं घेतली. तिच्या ओठांतून रक्त येत होतं तरी घेतली. घाट दिसला. पायऱ्यांवरचे लोक दिसले. आणि तिच्या बाजूनं काहीतरी सळकन गेलं.

गोंदा होता. पालथा पडला आणि त्यानं बायकोला हाक मारली.

बायको वर आली. हातात पळी होती, जशी गेली तशी. सगुणा तिथं उभी राहून बघत होती. कोणी गोंदाला अडवलं नाही. नियमात काही चूक नव्हती ना. गोंदानं बायकोला घोंगडी पांघरली आणि खाली मान घालून घरी गेला. त्यानंतर सगुणा लोहाराच्या दुकानावरून जायची तेव्हा डोक्यावरचा पदर ओढून जायची.

हुं. झोपलात का? नाही ना. मग ऐका.

काही वर्षांनी परत बर्फ धरला. मधले हिवाळे नुसतेच गेले होते, पाटलाची काठी बद्द बोलत होती. या वेळी सगुणानं कोणाशी पाळी धरली नाही. कोणी विचारलं तर तोंड फिरवायची. एकटी निघाली, एकटीनं वारा खाल्ला, आणि दुसऱ्या गावापर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. तिसऱ्या गावाजवळ एक ओढा तळ्याला मिळायचा. तिथं तेवढा बर्फ कायम कच्चा. म्हणून गावकरी तिथं काठानं पेंढा आणि जुनी गोणपाटं टाकायचे. खडावा घालूनच त्यावरून हळूहळू चालत जायचं, ही रीत. सगुणाला वाटलं, चालत कोण बसतंय, मागचे येतील. तिनं सरळ बर्फावरून पाती घातली.

पापड मोडला.

खाली गेली ती गळ्यापर्यंत, मग डोक्यापर्यंत. आणि तिला खालचं सगळं दिसलं, बरं का. बुडाशी जत्रेसारखी माणसं बसली होती. कोणी दोर वळत होतं, कोणी लसूण सोलत होतं. आणि एका बाजूला सोनकी सागरगोटे खेळत होती. तेवढीच. तोच परकर, एक वेणी घातलेली, एक सुटलेली. तिनं वर बघितलं आणि हसली. सगुणानं हात लांब केला. तेवढ्यात वरून लोकांनी तिचे केस धरले आणि ओढून बाहेर काढलं.

लोकांना वाटलं आपण पुण्य केलं. सगुणानं त्यांना अशा शिव्या दिल्या की त्या मी तुमच्यासमोर देणार नाही.

त्या वर्षी कोण जिंकलं ते मला माहीत नाही. सगुणा अंथरुणाला खिळली होती. पण एक गोष्ट ती सारखी घोळवायची, की पोर वाढलेली नाही. आहे तेवढीच आहे. हे तिला बरं वाटायचं. अजून आहे वेळ, म्हणायची.

मग काय झालं? काहीच झालं नाही. हेच सगळ्यात वाईट. बर्फ धरेनाच. दर हिवाळ्यात पाटील काठी घेऊन फिरायचा, सगुणा त्याच्या मागून चालायची. काठी आपटली की श्वास धरायची. बद्द. पुढे जायचं. बद्द. पाटील म्हणायचा, सगुणा, मी काय करू, मी बर्फ आणू का? ती म्हणायची, परत आपट. तो पाटील मेला, त्याच्या मुलाच्या हातात काठी आली. राजा मेला, दुसरा बसला. त्याचंही आपल्याला काम नाही. लोकांनी रुंद होड्या केल्या, काठानं कुंपण घातलं, नवीन माणूस खाली जाईना. ज्यांची जुनी माणसं खाली होती ते एकेक करून म्हातारे झाले आणि गेले. खालच्या माणसांची नावं कोणाला आठवेनात. सगुणाचे केस पांढरे झाले. दात पडले. दर दिवाळीला ती पात्यांना तेल लावायची आणि परत खुंटीला टांगायची.

आणि मग एका वर्षी सकाळी काठी खणखणली.

सगुणा घाटावर आली. बघते तर दुसरं कोणी नाही. सगळ्या मुलखात तळ्याखालच्या माणसाची वाट बघणारं दुसरं कोणीच उरलं नव्हतं. पण म्हणून तळ्याचा धनी ढिला पडत नाही. मावळायच्या आत फेरी म्हणजे फेरी. आणि वारा असा, की काठावरची माणसं एकमेकांना धरून उभी होती. म्हातारीला ते एकटीनं झेपणार नव्हतं. तिलाही कळत होतं. तरी तिनं खडावा बांधल्या.

तेव्हा गोंदा आला. कमरेत वाकलेला, पायात जुनी पाती. त्याची बायको नांदून, म्हातारी होऊन, केव्हाच मेली होती. त्याला आता काही मागायचं नव्हतं. तो तिच्यासमोर उभा राहिला.

“चुकलं माझं, सगुणाबाई,” तो म्हणाला. “माझी पाळी राहिलीय.”

सगुणा म्हणाली, “बाजूला हो.”

तो बाजूला झाला नाही. पुढे झाला. वळला आणि चालू लागला, आणि सगळा वारा त्यानं अंगावर घेतला. सगुणा त्याच्या आडोशाला गेली. काय करणार? पोर खाली होती. पहिलं गाव झालं. दुसरं झालं. गोणपाटावरून दोघं चालत गेले, कपाळाला तिसरं बोट लागलं. एकदाही त्यानं तिला पुढे येऊ दिलं नाही. मग शेवटच्या वाटेवर अर्ध्यात तो खाली बसला. पायच संपले त्याचे. त्यानं नुसता हात हलवला, जा म्हणून. ती थांबली नाही. मागाहून लोकांनी त्याला घोंगडीत घालून आणला. जगला थोडे दिवस.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा सगुणा घाटाला लागली. पालथी पडली. बर्फाला तोंड लावलं आणि हाक मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. दम नव्हता, आवाज नुसता फुसका झाला होता. तिसऱ्यांदा मारली तेव्हा बर्फ बाजूला झाला आणि सोनकी पायऱ्या चढून वर आली. कोरडी ठणठणीत. एक वेणी घातलेली, एक सुटलेली. मुठीत सागरगोटे.

सगुणानं दोन्ही हात पुढे केले. पोर तिच्या बाजूनं पलीकडे बघू लागली. लोकांत बघितलं, घराच्या वाटेकडे बघितलं. मग विचारलं,

“आजी, माझी आई कुठंय?”

“मीच गं,” सगुणा म्हणाली.

सोनकीला हसूच आलं. माझी आई एवढी म्हातारी नाही, म्हणाली. मग हसू गेलं आणि ती एक पाऊल मागे सरली. मागे तळं होतं. सगुणानं ते पाऊल बघितलं. हात खाली घेतले.

“बाजारला गेलीय तुझी आई,” ती म्हणाली. “येईल. तोवर चल माझ्याकडे.”

मग पोर तिचं बोट धरून घरी गेली.

सगुणानं तिला वाढवलं. गावानं सांगून बघितलं पोरीला, पण तिला वाटायचं लोक थट्टा करतात. आणि ती रडकुंडीला यायची, म्हणून सगुणानंच लोकांना गप्प केलं. सुरुवातीला रोज संध्याकाळी सोनकी उंबऱ्यावर बसून बाजाराच्या वाटेकडे बघायची. मग कधी कधी बसायची. मग बसेनाशी झाली. मोठी झाली, हुशार झाली, लग्न झालं, गावातच दिली. म्हातारीवर तिचा जीव होता. आल्यागेल्याला सांगायची, आई मला टाकून बाजारला गेली ती आलीच नाही, या आजीनं मला वाढवलं. आईचं नाव काढलं की तिचं तोंड कडू व्हायचं. सगुणा शेजारी बसून ऐकायची आणि तिची वेणी घालत राहायची.

असे सगळे सुखात राहिले. शेवटी असं म्हणायचं असतं म्हणून म्हणतो. खाऊन पिऊन होते, छप्पर गळत नव्हतं, आणखी काय पाहिजे. आता डोळे मिटा. तायडे, रडायचं काय त्यात, ती जिवंत आली ना? आजीला हाक मारायची नाही, तिला झोपू दे. मन्या झोपला वाटतं. बरं झालं.

आणि गोंदाला म्हातारपण आलं तेव्हा का होईना, चुकलं म्हणता आलं. तुमच्या आजीचा तो भाऊ, शिरपतराव, त्यानं माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात भर मांडवात पाहुण्यांसमोर मला म्हटलं होतं, तुम्हाला काय कळतंय, तुम्ही गप्प बसा. चुकलं म्हणायला अजून आला नाही. शिरपतराव थोरात.