दारोदार गाव शोधणारा कुंभार

नदीकाठच्या एका गावात एक कुंभार राहत असे. हाताचा गुणी, पण मनाचा भित्रा. त्या गावची एक रीत होती. कुणाला वाळीत टाकायचं ठरलं, की कुंभारानं त्याच्या उंबऱ्यावर कोरं मडकं फोडायचं. मग त्या घराला कुणी विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, हाकही मारायची नाही.

एकदा साथीच्या दिवसांत गावच्या म्हाताऱ्या सुईणीनं वेशीबाहेर अडलेल्या एका भटक्या बाईचं बाळंतपण केलं. "ह्या सुईणीनं गावात रोग आणला," असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते पुढं कुणालाच आठवेना, पण चावडीवर सगळ्यांच्या माना डोलल्या. कुंभाराचीही डोलली. त्याचा स्वतःचा जन्म त्याच म्हातारीच्या हातून झाला होता, तरी त्यानं खालमानेनं जाऊन तिच्या दारात मडकं फोडलं.

पुढं एका सकाळी कुंभाराच्या बायकोला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलं होतं. शेजारणींनी हात टेकले.

"सुईणीला बोलवा हो," बायको कळवळून म्हणाली. "तिच्याबिगर माझी सुटका न्हाई."

कुंभार धावत सुटला, पण सुईणीकडे नव्हे. आधी तो पाटलाकडे गेला.

"पाटील, सुईणीला बोलवू का?"

"माझी कसली ना, लेका? मला ती आईसारखी. पण गाव काय म्हणंल?"

तो गुरवाकडे गेला. "देवाची आडकाठी न्हाई," गुरव म्हणाला, "गावाचं तेवढं बघ." वाण्यानं तेच सांगितलं, सुतारानंही तेच. जो तो आपल्यापुरता राजी होता, आणि जो तो गावाला भीत होता. तो खुळा दारोदार गाव शोधत हिंडला. ज्याची परवानगी हवी ते गाव काही त्याला भेटेना.

उन्हं कलली, तेव्हा कुठं तो सुईणीच्या दारात पोचला. म्हातारी आपलं बोचकं बांधून उंबऱ्याआड बसली होती.

"सकाळधरनं तिचं वरडणं ऐकतीया रं पोरा," ती म्हणाली. "वाळीतल्या माणसानं बोलावल्याबिगर दुसऱ्याचा उंबरा वलांडायचा न्हाई, ही तुमचीच रीत. एक हाक मारायची व्हतीस."

दोघं धावली. घरात आता ओरडणं नव्हतं. सुईणीनं बाईच्या पोटावर हात ठेवला, मग हलक्या हातानं तिचे उघडे डोळे मिटले. आई गेली होती, आणि पोटातलं बाळही गेलं होतं.

मसणवट्यात झाडून सारे आले. पाटलाचे डोळे भरले होते. "गावानं लई वाईट केलं रं तुझं," तो म्हणाला.

कुंभाराच्या खांद्यावर पाण्याचं मडकं होतं. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"गावाला कशापायी बोल लावता, पाटील? मी घरोघर हिंडलो. गाव कुणाच्याच घरी नव्हतं. म्हातारीच्या दारात मडकं फोडलं ते हात माझे, आन् डोललेल्या माना आपल्या."

मग त्यानं चितेला फेरे घातले आणि मडकं खाली टाकलं. तेही त्यानंच घडवलेलं होतं.

तात्पर्य: समाज म्हणून वेगळा कुणी कुठं बसलेला नसतो, भिऊन डोललेल्या आपल्याच माना म्हणजे समाज.