भुरीचं अडलेलं अंडं

पूर्वी कोंबड्या माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. गोदाक्काच्या परसात भुरी कोंबडीचं अंडं अडलं. ती पिसं फुलवून कण्हत बसली, तशा बाकीच्या कोंबड्या तिला टोचू लागल्या. म्हातारी तांबडी मात्र आडवी आली. चोचींचे घाव स्वतःच्या मानेवर झेलत ती ओरडली, "गोदाक्का, धाव गं! भुरी अडलीय!"

गोदाक्काने भुरीला कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवलं. तांबडी शेजारी बसून धीर देत राहिली. संध्याकाळी अंडं सुटलं.

गोदाक्का तांबडीच्या मानेला हळद लावत होती. तेवढ्यात आलेली शेजारीण म्हणाली, "अंडी न देणारी ही म्हातारी पोसतेस कशाला?"

भुरीच बोलली, "काकू, मी वाचले ती हिच्यामुळेच."

शेजारीण घरी गेली. तिने घरातून ओंजळभर दाणे आणले आणि सगळ्यांत आधी तांबडीपुढे टाकले.